गटारीची रात्र आणि श्रावणाचे पहिले चार दिवस : कोल्हापूरच्या तालीम मंडळांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील सर्व तालीम मंडळांचे अध्यक्ष, वस्ताद आणि कार्यकर्ते

सप्रेम नमस्कार.

महापुरात गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना पाठुंगळी घेऊन बाहेर काढतात ती तालमीतली पोरं. रात्री-अपरात्री कुणाला रक्त लागलं तर पहिला फोन तालमीतच जातो. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितोय.

आषाढ संपत आला की पेठापेठांत दोन गोष्टी पाठोपाठ घडतात. दिव्याच्या अवसेला, म्हणजे ज्या दिवशी घरातले दिवे घासूनपुसून पुजायचे त्याच रात्री, गटारी होते. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि बाटली बंद होते. गटारीच्या रात्रीचा धोका निदान लोकांना माहीत असतो. श्रावण पाळणं मात्र सगळ्यांना चांगलंच वाटतं, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, मंडळं शपथा देतात. जो माणूस वर्षानुवर्षं रोज पितो त्याच्यासाठी हेच पहिले चार दिवस जिवावरचे ठरू शकतात. तुमच्याकडे आमचं मुख्य मागणं एवढंच आहे: अशा माणसाला शपथ द्या, माळ घाला, पण त्याआधी त्याला डॉक्टरकडे न्या. एकदम सोडायला लावू नका.

हे सगळ्यांना लागू नाही. महिन्यातून दोन-चारदा बसणाऱ्याने उद्यापासून बंद केली तरी त्याला काही होत नाही. उलट झोप सुधारते, रक्तदाब उतरतो, यकृतात साठलेली चरबी काही आठवड्यांत कमी व्हायला लागते. त्याने श्रावण जरूर पाळावा. आम्ही बोलतोय ते रोजच्या पिणाऱ्याबद्दल.

असं का होतं, ते थोडं खोलात सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप लक्षात राहतं. दारू पिऊन माणूस बडबड करतो, नाचतो, म्हणून ती अंगात जोर आणते असं वाटतं. प्रत्यक्षात ती मेंदूला मंद करते. मेंदूत ब्रेकचं काम गाबा नावाचं रसायन करतं आणि एक्सलरेटरचं काम ग्लुटामेट. दारू गाबाचा ब्रेक जोरात दाबते आणि एक्सलरेटरवरचा पाय उचलते. आधी मंद पडतो तो स्वतःला आवरणारा भाग, म्हणून जीभ सैल सुटते. मग तोल आणि बोलणं, मग आठवण, आणि प्रमाण वाढत गेलं तर मेंदूच्या बुडाशी असलेली श्वासाची आणि ठसका लागण्याची केंद्रं. झोपेच्या गोळ्या, फेफऱ्यावरच्या काही गोळ्या आणि भूल देण्याची बरीच औषधंही हाच ब्रेक दाबतात.

आता रोज पिणाऱ्याचं बघा. ब्रेक कायमच दाबलेला असतो, म्हणून मेंदू जुळवून घेतो. ब्रेकची पकड ढिली करतो आणि एक्सलरेटर वाढवून ठेवतो. पोटात दारू आहे तोवर गाडी सरळ चालते, म्हणूनच असा माणूस क्वार्टर मारूनही नीट बोलताना दिसतो. दारू अचानक काढून घेतली की ब्रेक ढिला आणि एक्सलरेटर दाबलेला अशी गाडी करूळ घाटाच्या उतारावर सोडल्यासारखं होतं.

वेळापत्रक ठरलेलं आहे. शेवटचा घोट गटारीला रात्री ११ ला घेतला असं धरू. ६ ते १२ तासांत, म्हणजे श्रावणाच्या पहिल्या सकाळी, हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, मळमळतं, जीव घाबरा होतो. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. आधी कधीही न आलेली, पूर्ण अंगाची, कधी एकामागून एक. आणि ४८ ते ९६ तासांत, साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, काहींना तो उन्माद होतो ज्याला डॉक्टर डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. माणसाला अंथरुणावर किडे, साप दिसतात, तो चादर चिमटीत धरून ओढत राहतो, घरातल्यांना ओळखत नाही, रात्र आहे की दिवस कळत नाही. ताप चढतो, घामाने अंथरूण भिजतं, नाडी १०० च्या वर धावते.

नेमकं इथे घोटाळा होतो. दारू सोडून तीन दिवस झालेले असतात, त्यामुळे कुणाच्या डोक्यात दारू येतच नाही. 'बाहेरचं झालंय' म्हणतात, देवऋष्याकडे नेतात, नाहीतर आवरेना म्हणून खाटेला बांधून ठेवतात. बांधलेला माणूस धडपडत राहतो, ताप आणखी चढतो, अंगातलं पाणी, पोटॅशियम, मॅग्नेशियम उतरतं, हृदयाचे ठोके बिघडतात, उलटी फुफ्फुसात जाते. मृत्यू येतो तो या वाटांनी. वेळेवर दवाखान्यात नेलं तर यातले बहुसंख्य रुग्ण वाचतात, हे ठामपणे सांगतो.

'गेल्या वर्षी सोडली होती की, नुसते हात कापले, चार दिवसांत ठीक झाला' हा दाखला हमखास दिला जातो. तो फसवा आहे. एकदम सोडणं आणि पुन्हा सुरू करणं हे चक्र दरवेळी मेंदूला अधिक चिडकं करत जातं. एका वर्षी थरथर, पुढच्या वर्षी भास, त्याच्या पुढच्या वर्षी फिट, असा चढता क्रम लागू शकतो. म्हणजे दर श्रावणात झटक्यात सोडणारा आणि दर भाद्रपदात परत धरणारा माणूस सरावलेला नसतो, त्याचा धोका वर्षागणिक वाढत असतो. एवढी एक गोष्ट प्रत्येक वस्तादाच्या लक्षात राहिली तरी पत्र लिहिल्याचं सार्थक होईल.

कुणाला आधी डॉक्टर लागेल हे ओळखणं अवघड नाही. सकाळी उठल्यावर हाताला कंप असतो आणि घोट घेतल्यावर थांबतो. चहाचा कप दोन हातांनी धरावा लागतो. रोज एक क्वार्टर किंवा जास्त लागते. पूर्वी दारू सोडताना फिट आली होती किंवा भ्रम झाला होता. कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी असं काही होऊन गेलंय. दारूबरोबर झोपेची गोळीही चालू आहे. यातलं एक जरी असेल तर शपथेआधी तपासणी. फिट किंवा भ्रमाचा इतिहास असेल तर घरी उपचार नकोच, भरतीच करा. सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या मानसोपचार डॉक्टरांकडे गटारीच्या आठ-दहा दिवस आधी न्यायची व्यवस्था मंडळ सहज करू शकतं. भेट मिळेपर्यंत त्या माणसाने एकदम बंद करू नये. जेवढी घेतो त्याच्यापेक्षा वाढवू नये, जमलं तर थोडी थोडी कमी करावी. दारू चालू ठेवा असं सांगणं तुम्हाला विचित्र वाटेल, पण चार-सहा दिवसांसाठी तेच सुरक्षित आहे.

डॉक्टर काय करतात? क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम या गोळ्या देऊन काढून घेतलेला ब्रेक तात्पुरता परत बसवतात आणि साधारण ५ ते ७ दिवसांत डोस उतरवत नेऊन बंद करतात. यकृत खराब असेल तर सहसा लोरॅझेपाम निवडतात, कारण ते यकृतावर कमी ओझं टाकतं. 'दारू सुटली आणि गोळी लागली' ही भीती अशा मोजून दिलेल्या, मोजून थांबवलेल्या औषधाला लागू नाही. त्याच गोळ्या मेडिकलमधून स्वतः आणून अंदाजाने घेतल्या तर ती भीती शंभर टक्के खरी आहे.

सलाईनबद्दल वेगळं सांगायला हवं. थरथर सुटली की 'दोन बाटल्या लावा, बरं वाटेल' अशी मागणी होते. रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, जवळपास संपलेलं असतं. तो नीट जेवत नाही आणि दारू आतड्यातून ते शोषू देत नाही. ग्लुकोज जाळायला मेंदूला थायमिन लागतं. नुसतं ग्लुकोज सोडलं की उरलंसुरलं थायमिनही खर्च होतं आणि मेंदूला इजा होते. माणूस गोंधळतो, पाय फाकून झोकांड्या खात चालतो, डोळे विचित्र हलतात किंवा एकाचे दोन दिसतात. हे दारूच्या नशेसारखंच दिसतं म्हणून निसटतं, आणि उपचार लांबले तर नवी आठवण साठवण्याची ताकद कायमची जाऊ शकते. तेव्हा सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांना 'हा रोज पितो' हे न लाजता आधी सांगा. थायमिनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत जायला हवं. रक्तातली साखर फारच उतरली असेल तर मात्र ग्लुकोज रोखून धरायचं नसतं, दोन्ही एकदम द्यायचं.

आणखी एक गोष्ट, जी घरोघरी गुपचूप चालते. दारू सोडवण्याची गोळी न सांगता चहात किंवा आमटीत मिसळतात. ती बहुतेक वेळा डायसल्फिराम असते. ती दारूचं विघटन अर्ध्यावर अडवते, ॲसिटाल्डिहाइड नावाचं विष रक्तात साठतं, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाच्या रुग्णाला ती जिवावर बेतू शकते. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहतो. जो माणूस स्वतः राजी आहे, ज्याला सगळं समजावलंय आणि ज्याच्या पोटात किमान २४ तास दारू नाही, त्यालाच ती देतात. घरच्या बायका अगतिक होऊन हा मार्ग धरतात, त्यांना दोष देत नाही. पण तुमच्या कानावर आलं तर थांबवा आणि त्या घराला दवाखान्याची वाट दाखवा.

आता गटारीच्या रात्रीबद्दल.

आधी हिशोब. ४२.८ टक्के असा शिक्का असलेल्या दारूचा ३० मि.ली.चा एक पेग म्हणजे १० ग्रॅम निव्वळ अल्कोहोल. क्वार्टर, १८० मि.ली., म्हणजे ६१ ग्रॅम. हाफ, ३७५ मि.ली., म्हणजे १२७ ग्रॅम. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्याची ८ टक्क्यांची ६५० मि.ली.ची बाटली ४१ ग्रॅमची, म्हणजे चार पेग. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम जाळतं. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ, तांबडा रस्सा, यातल्या कशानेही हा वेग वाढत नाही. क्वार्टर उतरायला ६ ते ९ तास, हाफ उतरायला १३ ते १८ तास. रात्री १२ ला हाफ संपवलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी चालवत असेल तर दारू अजून रक्तात असू शकते. कायद्याची मर्यादा १०० मि.ली. रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि ती सकाळच्या वेळेलाही तेवढीच लागू असते.

'तर्राट झालाय, झोपू दे, सकाळी उठेल.' या वाक्याने माणसं मरतात. शेवटच्या घोटानंतर अर्ध्या ते दीड तासापर्यंत रक्तातली दारू वाढतच असते, कारण पोटातली आत जात असते. म्हणजे झोपवला तेव्हापेक्षा तासाभराने तो जास्त खोल गेलेला असू शकतो. उताणा असेल तर जीभ मागे पडते, उलटी आली तर ठसका लागत नाही, सगळं फुफ्फुसात जातं. खोल, घरघरणारं घोरणं म्हणजे शांत झोप नव्हे. तो अडलेल्या श्वासाचा आवाज आहे.

कुशीवर वळवायची पद्धत प्रत्येक कार्यकर्त्याने तालमीच्या मातीत एकदा करून बघावी, पैलवानांना तर ती दोन मिनिटांत येईल. त्याच्या बाजूला गुडघ्यावर बसा. तुमच्या बाजूचा त्याचा हात काटकोनात बाहेर ठेवा. पलीकडचा हात छातीवरून आणून त्याचा पंजा उलटा, तुमच्या बाजूच्या गालाखाली टेकवा. पलीकडचा गुडघा उभा करा आणि तोच गुडघा धरून स्वतःकडे ओढा, माणूस आपोआप कुशीवर येतो. वरचा गुडघा पुढे टेकलेला राहू दे, म्हणजे तो पालथा पडणार नाही. मान हलकेच मागे आणि तोंड जमिनीकडे, म्हणजे उलटी बाहेर पडेल. मग शुद्धीवरचा, न प्यालेला एक माणूस शेजारी बसवा. त्याने दर १०-१५ मिनिटांनी खांद्याचा स्नायू चिमटून हाक मारायची आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. मिनिटाला ८ पेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत १० सेकंदांहून जास्त खंड, ओठ किंवा नखं निळसर, अंग गार आणि ओलसर, चिमट्याला काहीच प्रतिसाद नाही, यातलं एकही दिसलं तर लगेच १०८. घशात बोट घालू नका, मिठाचं पाणी पाजू नका, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीच घालू नका. फिट आली तर कांदा, चप्पल, दातात चमचा यातलं काही नको. डोक्याखाली घडी केलेला कपडा द्या, आजूबाजूच्या वस्तू हलवा, घड्याळ बघा, झटके थांबले की कुशीवर.

पिऊन पडलेला आणि डोक्याला मार लागलेला यांच्यातला फरक दारूच्या वासामुळे झाकला जातो. गाडीवरून किंवा पायरीवरून पडला असेल, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसत असेल, कानानाकातून रक्त किंवा पाणी येत असेल, तासागणिक ग्लानी वाढत असेल, तर 'नशा आहे' म्हणू नका. मधुमेहाचंही तसंच. दारू यकृताला साखर तयार करू देत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणारा माणूस चकण्यावर रात्र काढतो आणि पहाटे साखर इतकी उतरते की तो झोकांड्या खातो, बरळतो, घामाघूम होतो. तालमीच्या औषधपेटीत साखर मोजायचं यंत्र ठेवा. ७० च्या खाली आकडा आला आणि माणूस गिळू शकत असेल तर साखरेचं पाणी द्या. गिळता येत नसेल तर दवाखाना.

राऊतवाडी, बर्कीच्या धबधब्यांकडे जाणाऱ्या टोळक्यांना एवढंच सांगा की पिऊन अंग गरम वाटतं ते कातडीखालच्या शिरा फुगल्यामुळे. आतली उष्णता उलट बाहेर पळत असते, आणि भिजलेल्या कपड्यांत ती भराभर जाते. पिऊन पाण्यात उतरणं तर नाहीच.

आता गोळीबद्दल, कारण हल्ली हा प्रकार कोवळ्या पोरांपर्यंत पोचलाय. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध, यांपैकी काहीतरी दारूबरोबर घेतलं की 'कमी पैशात जास्त चढते'. का चढते? नुसती अल्प्राझोलामची गोळी गाबाचा ब्रेक स्वतः दाबत नाही, दाबलेल्या ब्रेकचा जोर वाढवते. म्हणून एकटी घेतल्यावर ती निरोगी माणसाचा श्वास सहसा बंद पाडत नाही. दारू मात्र ब्रेक दाबूनच बसलेली असते. दोन्ही एकत्र आले की ती मर्यादा राहत नाही. ट्रामाडॉल आणि कोडीन हे अफूच्या कुळातले, ते वेगळ्या वाटेने तोच श्वास मंद करतात. सवय असलेल्या माणसाला नशेची सवय होते, पण श्वासाचं केंद्र तितक्या प्रमाणात सरावत नाही. म्हणून 'मला काही होत नाही' म्हणणाराच रात्रीत जातो. साध्या सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामाइनही गुंगी वाढवतं. आणि दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीवर रोज पिणाऱ्याने पॅरासिटामॉलच्या गोळ्यामागून गोळ्या घेऊ नयेत. त्याच्या यकृतात ते औषध निष्प्रभ करणारा साठा कमी असतो, दिवसाला २ ग्रॅमच्या वर जाऊच नये, तेही डॉक्टरांना विचारून.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, ट्रामाडॉल, कोडीन ही एच-१ सूचीतली औषधं आहेत. पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो, चिठ्ठीशिवाय विक्रीला बंदी आहे, आणि दुकानदाराने रुग्णाचं, डॉक्टरांचं नाव आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं जपायची असते. तुमच्या पेठेतल्या मेडिकलवाल्याशी तुमची ओळख असते. त्याच्याशी समोर बसून बोला. गर्दी जमवून नको, आणि पोरांना पकडून मारहाण तर नकोच. जो पोरगा सहा महिने रोज गोळी खातोय त्याची गोळी हिसकावून घेतली तर त्यालाही वर लिहिल्यासारखीच फिट येऊ शकते. ती गोळी दर दोन-चार आठवड्यांनी पाच-दहा टक्के अशी उतरवावी लागते, आणि ते काम डॉक्टरांचं आहे.

श्रावण संपतो तेव्हाही एक वळण असतं. महिनाभर न पिलेल्या माणसाच्या मेंदूची आणि यकृताची सवय मोडलेली असते. विसर्जनाच्या मिरवणुकीला तो जुन्याच हिशोबाने बसला तर पूर्वी पचणारी क्वार्टर आता त्याला आडवं करते. अफूवर्गातल्या गोळ्यांच्या बाबतीत हा फरक प्राणघातक ठरतो. ज्याने महिना काढलाय त्याच्याशी गणपतीच्या आधी कुणीतरी जवळच्याने बोलावं. पुढेही सोडायची इच्छा असेल तर लालसा कमी करणारी औषधं आहेत आणि समुपदेशन आहे. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक, दोन्ही मोफत आहेत. तालमीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

दवाखान्यात नेताना तीन गोष्टी सोबत असू द्या: रिकामी बाटली, सापडलेली गोळ्यांची पट्टी आणि शेवटचा घोट किती वाजता घेतला त्याची वेळ. दारू बिनशिक्क्याची किंवा हातभट्टीची असेल आणि दुसऱ्या दिवशी कुणी 'धुकं पडल्यासारखं दिसतंय' म्हणाला, तर ते मिथेनॉल असू शकतं. त्याच्याबरोबर बसलेल्या सगळ्यांना, ज्यांना अजून काहीच झालेलं नाही त्यांनाही, त्याच गाडीत घाला. पोलिसांत नाव जाईल या भीतीने गोळी किंवा हातभट्टी लपवली जाते आणि डॉक्टर अंधारात राहतात. १०८ वर फोन करताना पेठ, गल्ली आणि जवळची खूण आधी सांगा, मग श्वास मिनिटाला किती तो आकडा. एक माणूस रस्त्याच्या तोंडाशी उभा करा, आणि गाडी येईपर्यंत पेशंटला कुशीवरच राहू द्या.

आपले,
व्यसनमुक्ती, अतिदक्षता विभाग आणि औषध विक्री या कामांत असलेले काही डॉक्टर, परिचारिका आणि फार्मासिस्ट
कोल्हापूर